टेंभुर्णे सरांचा टाइमआउट

पंचांनी एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या तळव्यावर उभी टेकवून 'टी'ची, म्हणजे टेक्निकल फाउलची, खूण केली, तेव्हा आमच्या मुलीविरुद्धच्या शिट्टीवर चिडून मी लाथ मारलेली पाण्याची बाटली अजून कोर्टावर गडगडत होती. त्या सामन्यातली माझ्या नावावरची ती दुसरी खूण. दुसरीचा अर्थ काय होतो, ते मला माहीत होतं.

"बाहेर, कडू सर," पंच म्हणाले. आवाज अगदी शांत होता, म्हणून जास्तच लागला. "चेंजिंग रूममध्ये बसा, नाहीतर इमारतीच्या बाहेर जा. इथे थांबता येणार नाही."

"चार मिनिटं राहिलीत हो!"

"म्हणूनच म्हणतो, वेळ घालवू नका."

डिसेंबर २००४. अमरावतीला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा मुलींचा अंतिम सामना चालला होता. यजमान संघ पंचावन्न, आम्ही यवतमाळकर एकोणपन्नास. माझ्या प्रतापामुळे त्यांना दोन फ्री थ्रो मिळणार होते आणि वर चेंडूही त्यांनाच. मी सत्तावीस वर्षांचा होतो. पतियाळ्याहून प्रशिक्षकाचा डिप्लोमा घेऊन दोन वर्षांपूर्वीच कॉलेजात लागलो होतो. संस्थेला आमच्या बास्केटबॉल कोर्टाच्या जागी फार्मसीची इमारत उठवायची होती. प्राचार्य धांदे सरांनी निघताना सांगितलं होतं, "करंडक आणा कडू, म्हणजे मला कमिटीसमोर तोंड उघडता येईल. दुसऱ्या नंबरावर मी नाही वाचवू शकत तुमचं मैदान."

प्रशिक्षक बाहेर गेला की नियमाप्रमाणे संघ सहायक प्रशिक्षकाच्या हाती जातो. आमचे सहायक प्रशिक्षक बाकाच्या टोकाला मांडीवर टॉवेलांची पिशवी घेऊन बसले होते. मोतीराम टेंभुर्णे. वय अठ्ठेचाळीस. कॉलेजच्या नोंदीत ते क्रीडा विभागाचे शिपाई होते, सहायक प्रशिक्षक फक्त स्पर्धेच्या प्रवेशिकेवर. असे एकोणीस वर्षं. या काळात तीन प्रशिक्षक आले नि गेले, मी चौथा. तरुणपणी ते पुसदकडून जिल्ह्याला खेळले होते म्हणे. पण ते बोलताना अडखळत. साधंसुधं नव्हे, एकेका अक्षरावर गाडी रुतावी तसे रुतत. डोळे मिटत, मान ताठ होई आणि शब्द काही केल्या सुटत नसे. मला ते बघवत नसे. मी त्यांचं वाक्य आपणच पुरं करून टाकायचो. "प-प-" म्हणाले की, "हो हो, पाणी, आणा भाऊ." मी त्यांना भाऊ म्हणायचो. मुली त्यांना सर म्हणायच्या, त्याचं मला थोडं हसू यायचं.

टाइमआउट असतो एका मिनिटाचा. एका मिनिटात या माणसाचं एक वाक्य पुरं होणार नाही, हेच माझ्या डोक्यात आलं. मी जाता जाता कर्णधार रुबिना शेखला दंडाला धरून बाजूला घेतलं.

"तूच बोल सगळं. त्यांना बोलू देऊ नकोस, वेळ जाईल. कळलं?"

ती माझ्याकडे नुसती पाहत राहिली. पंच पुन्हा माझ्याकडे येताना दिसले आणि मी चालू लागलो.

चेंजिंग रूम आमच्या बाकाच्या थेट मागे होती. दाराच्या वर हवेसाठी लोखंडी जाळी. मी आतला बाक ओढून दाराशी लावला आणि त्यावर चढून उभा राहिलो. जाळीतून आमचा बेंच दिसत होता आणि कोर्टाचा अर्धा भाग, जिकडे आम्ही बास्केट करत होतो तो. दुसरा अर्धा भाग, म्हणजे आम्हाला बचाव करायचा होता तो, भिंतीआड. तिकडचं मला फक्त ऐकू येणार होतं.

दोन्ही फ्री थ्रो आत गेल्याचं मला गर्दीच्या ओरडण्यावरून कळलं. सत्तावन्न–एकोणपन्नास. टेंभुर्णे उठले, गुणलेखकांच्या टेबलापाशी गेले आणि हातांनीच टाइमआउटची खूण केली. त्याला बोलावं लागत नाही.

पाचही जणी येऊन बसल्या. मी टाइमआउटमध्ये मुलींना गोल उभं करायचो आणि मध्ये पाटी धरून मार्करने रेघा ओढत ओरडायचो. ती पाटी टेंभुर्ण्यांच्या पायाशी पडली होती. त्यांनी ती उचलली नाही. ते मुलींच्या समोर जमिनीवर उकिडवे बसले, असे की त्यांची नजर मुलींच्या नजरेपेक्षा खाली आली. मग त्यांनी आमच्या सगळ्यांत उंच मुलीकडे, कौसल्या राठोडकडे पाहिलं.

"क-क-काय दिसतं?"

मी जाळी धरून आत जळत होतो. आठ गुणांनी मागे, आणि हा माणूस विचारतोय काय दिसतं! कौसल्या तांड्यावरून आलेली पोरगी, पाच फूट अकरा इंच, दिवसभरात दहा शब्द बोलली तर खूप. दोन वर्षांत टाइमआउटमध्ये मी तिचा आवाज ऐकला नव्हता.

"सर, मी बॉल घेतला की दोघीजणी अंगावर येऊन राहिल्या," ती म्हणाली. "एक समोरून. दुसरी उजवीकडून. दर वेळी उजवीकडूनच."

टेंभुर्ण्यांनी मान डोलावली आणि रुबिनाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही सूत्रं हाती घेईल.

"ती दुसरी उजव्या कोपऱ्यातून धावत येते सर," रुबिना म्हणाली. "मग तो कोपरा पूर्ण मोकळा. पण तिथून मारणारी नाही न आपल्याकडे कोणी."

टेंभुर्ण्यांनी हळूच मान वळवली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला चित्रा गेडाम बसली होती. बुटकी, चष्मेवाली, बाराव्या नंबरची खेळाडू. त्या स्पर्धेत मी तिला एक सेकंदही उतरवलं नव्हतं. सकाळी सहाला मी मैदानावर पोचायचो तेव्हा ती टेंभुर्ण्यांना चेंडू आणून देताना दिसायची. मला वाटायचं, मदत करते बिचारी.

चित्रा उभी राहिली. चष्म्याची मागची दोरी घट्ट केली.

"मारशील?" रुबिनाने विचारलं.

"रोज तिथूनच मारते न मी," चित्रा म्हणाली.

शिट्टी वाजली. टेंभुर्णे उठले, बदली खेळाडूसाठी टेबलाकडे खूण केली, आणि पुन्हा बाकाच्या टोकाला जाऊन बसले. आख्ख्या मिनिटात त्यांनी दोन शब्द उच्चारले होते.

मी खाली उतरून दार उघडणार होतो. खरं सांगतो, कडीला हात घातला होता. पण बाहेर गेलो असतो तर सामनाच गेला असता. मी पुन्हा बाकावर चढलो.

त्यांची बास्केट हुकली. चेंडू आमच्या बाजूला आला. रुबिनाने कौसल्याला पास दिला. एक समोरून आली, दुसरी उजवीकडून धावली, आणि कौसल्याने न पाहताच चेंडू उजव्या कोपऱ्यात फेकला. चित्रा तिथे उभी होती. तिने गुडघे वाकवले, चेंडू डोक्यावर नेला आणि सोडला. जाळीची दोरी नुसती फुरकन हलली. तीन गुण.

यजमानांनी उत्तर दिलं. एकोणसाठ–बावन्न. आम्ही पुन्हा तेच केलं. कौसल्या, कोपरा, चित्रा. पुन्हा तीन. आता यजमानांची प्रशिक्षिका ओरडू लागली, "कोपरा धरा, कोपरा!" म्हणून ती दुसरी मुलगी कोपऱ्यातून हलेना. म्हणजे कौसल्यासमोर एकच उरली. कौसल्या वळली आणि सहज दोन गुण करून आली. एकोणसाठ–सत्तावन्न.

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं, आणि त्यात माझा काही म्हणता काही हात नव्हता. मी त्या मुलींना दोन वर्षं शिकवलं होतं. या कोणत्या मुली, ते मला कळत नव्हतं. मधूनच एकजण बोट दाखवी, दुसरी मान हलवी. बाकाकडे कोणी पाहत नव्हतं. माझ्या वेळी दर पावलाला पाहायच्या, मी काय ओरडतोय ते ऐकायला.

पुढची दोन मिनिटं नीट आठवत नाहीत. कौसल्याला फाउल झाला, तिने दोन्ही फ्री थ्रो घातले. बरोबरी. मग भिंतीआड शिट्टी, त्यांचा एक फ्री थ्रो आत, एक बाहेर. साठ–एकोणसाठ. मग रुबिना मधून अशी घुसली की मला फक्त तिची वेणी दिसली, आणि चेंडू काचेवर आपटून आत. एकसष्ट–साठ. आम्ही एका गुणाने पुढे. घड्याळात चौदा सेकंद, चेंडू त्यांचा. त्यांनी टाइमआउट मागितला.

आता मी जे पाहिलं ते सांगतो.

मुली बसल्या. छाती भात्यासारखी वरखाली होत होती सगळ्यांची. टेंभुर्णे पुन्हा समोर उकिडवे बसले. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. त्यांना काहीतरी सांगायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि शब्द अडकला.

"ह-"

डोळे मिटले. मान ताठ झाली. ओठ उघडे, आणि आवाज नाही.

बाहेर पंधराशे माणसं पाय आपटत होती. पत्र्याचं छप्पर हादरत होतं. यजमानांच्या घोळक्यातून त्यांच्या प्रशिक्षिकेचा आवाज येत होता, एकामागून एक सूचना, नावं, नंबर. घड्याळ चाललं होतं. दहा सेकंद गेले. वीस गेले.

"ह- ह-"

माझ्या ओठांवर दहा शब्द आले. हुशारीने. हलकेच. हलू नका. मी जाळीतून ओरडून त्यांचं वाक्य पुरं करणार होतो. तेवढ्यात माझं मुलींकडे लक्ष गेलं.

एकही मुलगी त्यांना शब्द पुरवत नव्हती. एकहीजण घड्याळाकडे पाहत नव्हती. रुबिनाच्या हातात पाण्याची बाटली होती, झाकण उघडलेलं, तोंडापाशी नेलेली. ती तशीच धरून ठेवली होती तिने. चित्राने चष्मा काढून पुसायला घेतला होता, तो हातातच राहिला होता. कौसल्या थोडी पुढे झुकली होती. सहा-सात चेहरे, आणि सगळे त्या एका माणसाच्या तोंडाकडे लागलेले. घाई कुठल्याच चेहऱ्यावर नव्हती. कीवही नव्हती. आणि बघता बघता त्यांच्या छातीचा भाता मंदावत गेला. मी अक्षरशः पाहत होतो. आधी कौसल्याचा, मग रुबिनाचा, मग सगळ्यांचाच. त्या कोलाहलात तेवढी दोन हात जागा देवळाच्या गाभाऱ्यासारखी झाली. मी मंदिरात क्वचितच जातो, पण माझे हात जाळीवरून आपोआप खाली आले.

पन्नासाव्या सेकंदाला पंचांची पहिली शिट्टी झाली. तरी कोणी उठलं नाही.

"ह-हात," टेंभुर्णे म्हणाले. आणि दोन्ही हात सरळ वर केले.

बस. मुली उठल्या. पाच जणींनी एकेकदा हात वर करून पाहिले आणि कोर्टावर गेल्या.

त्या एका शब्दाचा अर्थ मला लगेच कळला. चेंडूवर झडप घालू नका, हात खाली आणू नका, फाउल देऊ नका. नुसतं समोर उभं राहा आणि हात वर ठेवा. मी हेच सांगायला दोन मिनिटं घेतली असती आणि मुली निम्मं विसरून गेल्या असत्या.

शेवटचे चौदा सेकंद भिंतीआड घडले. मला काहीच दिसलं नाही. मला दिसत होती फक्त टेंभुर्ण्यांची पाठ. ते उभे होते. पांढरा सदरा, कॉलरला घामाची रेघ, दोन्ही हात वर. पूर्ण चौदा सेकंद त्यांनी हात खाली केले नाहीत. बुटांचा करकर आवाज, चेंडूचे टप्पे, कुणाची तरी किंकाळी, रिंगवर चेंडू आपटल्याचा तो ठण्ण आवाज, पुन्हा एकदा ठण्ण, आणि मग भोंगा.

गर्दी गप्प झाली. यजमानांची गर्दी गप्प होणं म्हणजे काय, ते मला समजायला एक क्षण लागला. तोवर टेंभुर्ण्यांचे हात खाली आले होते. ते बाकाखाली वाकून टॉवेल गोळा करत होते, आणि मुली त्यांच्या अंगावर येऊन आदळल्या.

संध्याकाळी एसटीने परत निघालो. नेरला गाडी चहाला थांबली. मुली भजी खात, करंडकात चहा ओतायचं नाटक करत हसत होत्या. मी रुबिनाला बाजूला बोलावलं.

"मी सांगितलं होतं तू बोल म्हणून."

"हो सर." ती जरा ओशाळली. "आम्ही ऐकलं नाही तुमचं."

"रागावलो नाही मी. मला कळून घ्यायचं आहे. तुम्हाला भीती नाही वाटली? वेळ संपत होता. शब्द आलाच नसता तर?"

"येतो न सर," ती म्हणाली, जणू मी सूर्य उगवेल का विचारलं होतं. मग हसली. "पहिल्या वर्षी मी पण त्यांचं वाक्य पुरं करायची. ते 'को-को' करायचे की मी कोपऱ्यात पळायची. एक महिना! शेवटी एकदा दम लागला म्हणून थांबले, तर ते म्हणाले, 'कोपर.' शूट करताना माझं कोपर बाहेर जात होतं सर. महिनाभर ते तेवढंच सांगून राहिले होते."

टेंभुर्णे गाडीच्या चाकाला टेकून चहा पीत होते. मी माझा कप घेऊन त्यांच्याजवळ गेलो.

"माझ्यामुळे सामना हातचा जात होता," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग बोलायला लागले. मी पहिल्यांदा थांबलो. फार वेळ गेला. ड्रायव्हरने हॉर्न दिला, मुली गाडीत चढू लागल्या. मी थांबलो.

"शि-शि-शिट्टी ब-बरोबर होती," ते म्हणाले. "कौ-कौसल्याचा पाय होता मध्ये."

एवढंच. करंडकाबद्दल नाही, स्वतःबद्दल नाही. ज्या शिट्टीवरून मी बाटलीला लाथ मारली होती, ती बरोबर होती. मी त्यांच्या मागोमाग गाडीत चढलो आणि यवतमाळ येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिलो.

फार्मसीची इमारत पुढे वसतिगृहामागे झाली. कोर्ट राहिलं. धांदे सरांनी मला केबिनमध्ये बोलावून पेढा दिला, तेव्हा मी त्यांच्यासमोर पुढच्या वर्षीची प्रवेशिका ठेवली. त्यांनी वाचली, चष्मा वर केला.

"नावं उलटी झालीत कडू."

"नाही सर. बरोबर आहेत."

"अहो, प्रशिक्षक टेंभुर्णे? ते शिपाई आहेत. त्यांच्याकडे डिप्लोमा नाही."

"प्रवेशिकेवर डिप्लोमा विचारत नाहीत सर. पाहिलंय मी."

"आणि तुम्ही सहायक? पतियाळा करून आलेला माणूस?"

मी त्यांना जाळीतून पाहिलेलं सगळं सांगितलं. त्यांना किती पटलं, देव जाणे. पण त्यांनी शेवटी शिक्का मारला. "कागदावर पगार बदलणार नाही कोणाचाच," एवढं म्हणाले.

कागद घेऊन मी मैदानावर गेलो. टेंभुर्णे सर चुन्याने बाहेरची रेघ आखत होते. त्यांनी हात पँटला पुसले, कागद घेतला आणि फार वेळ वाचला. एकच ओळ होती वाचण्यासारखी. मला वाटलं, ते नको म्हणतील. किंवा डोळ्यांत पाणी येईल. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, एखादी पोरगी निवड चाचणीला आली की पाहायचे तसं. चेहरा अगदी गंभीर.

"स-स-सहायकाचं काम," ते म्हणाले, आणि मी थांबलो, "अ-अवघड असतं. ज-जमेल तुम्हाला?"

ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरंच शंका होती.

"शिकवाल तर जमेल, सर," मी म्हणालो.

त्यांनी थोडा विचार केला. मग माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं, कागद चेंडूवर ठेवला आणि प्रशिक्षकाच्या सहीचा रकाना बोटाने शोधून काढला. एकोणीस वर्षांत त्यांना त्या कागदावर कधी सही करावी लागली नव्हती. त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, अक्षर न अक्षर सुटं. शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली आणि तो मला परत दिला.

"उ-उद्या साडेपाचला," ते म्हणाले, आणि चुन्याचं घमेलं माझ्या हातात देऊन उरलेली रेघ कुठून आखायची ते दाखवलं.

ते निवृत्त होईपर्यंत नऊ वर्षं मी त्यांचा सहायक होतो.